मुद्दाम की चुकून

शमीम,

आपलं भांडण असं अर्धवट टाकून गेलीस याचा मला आधी राग आला, रडू नंतर आलं. आसिफभाईंचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीला ऑफिसात होते. समोर एक ड्रायव्हर माल उतरवल्याची पावती घेऊन उभा होता. फोनवर तुझा नवरा रडत रडत सांगत होता, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? की आता हिला विचारायचं कसं. त्या ड्रायव्हरने बिचाऱ्याने मला पाणी आणून दिलं. तो जाईपर्यंत मी तुझ्यावर मनातल्या मनात डाफरतच होते.

मला काय विचारायचं होतं ते तुला ठाऊक आहे. त्या दुपारी हॉस्पिटलात तू मला सरळ विचारलंस आणि मी सरळ सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी जिवाच्या आकांताने जे तुझ्यापासून लपवलं होतं ते मी सांगून बसले. मी केलं ते बरोबर होतं, की तुझे उरलेसुरले दिवस मी नासवले? एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यानंतर तू मला एकटी सापडलीच नाहीस. खाटेपाशी सतत कुणीतरी असायचं, कधी मावशी, कधी नणंद, कधी इंजेक्शनवाली सिस्टर. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे आणि परत जायचे. राहूनच गेलं ते.

तसं पाहिलं तर हे भांडण हॉस्पिटलातलं नव्हेच. ते आपल्या मॅचपासून चालत आलंय, आणि त्यात मी कायम एका बाजूला, तू कायम दुसऱ्या.

आपल्या कॉलेजला बास्केटबॉलचं कोर्ट होतं असं म्हणायचं आपलं. पोल दोन, रिंग एक. दुसरी रिंग गॅदरिंगच्या मांडवाचं सामान आणलेल्या टेम्पोने मागे घेताना तोडली, ती परत कधी बसली नाही. त्या अर्ध्या भागात पोरं बाइक लावायला लागली आणि आपण सगळ्या जणी उरलेल्या अर्ध्यात, कॅन्टीनकडच्या रिंगवर. सर मुळात खो-खोचे. बास्केटबॉलचं त्यांनी काय ते पुस्तकात वाचलेलं, पण माणूस उत्साही. त्यांनी नियम करून टाकला: अर्ध्या कोर्टात वेळ घालवायचा नाही, रिबाउंड, म्हणजे रिंगवर आपटून परत आलेला बॉल, जिच्या हातात येईल तिने लगेच वर टाकायचा, मग ती कुठल्या का बाजूची असेना. आपण सगळी वर्षं तेच केलं. बॉल हातात आला की वर. खाली आला की पुन्हा वर. दुसऱ्या कॉलेजच्या पोरी बॉल घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात हे आपण पहिल्यांदा पाहिलं ते थेट मॅचमध्ये, आणि पहिल्या पाच मिनिटांत आपल्याला धाप लागली होती.

तू आलीस ती सेकंड इयरला. तुझ्या अम्मींनी दोन अटी घातल्या होत्या, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि ट्रॅक पँट. मला काय, उंच पोरगी मिळतेय तर तिने गोधडी पांघरून खेळावं. पण पहिल्याच स्पर्धेत पॉइंट लिहायच्या टेबलावरच्या बाईंनी अडवलं. म्हणाल्या, टीमचा ड्रेस सारखा पाहिजे, हिचा वेगळा चालणार नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ठीक आहे, मग सगळ्यांचा तिच्यासारखा. पुढच्या स्पर्धेला ऑक्टोबरच्या उकाड्यात आपली अख्खी टीम पूर्ण बाह्या आणि ट्रॅक पँटमध्ये. पोरींनी मला काय काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, निदान तू तरी आभार मानशील. तू घाम पुसत जवळ आलीस आणि म्हणालीस, "कॅप्टन, खरं सांगू? मला पण लय गरम होतंय यात."

तेव्हाच ओळखायला हवं होतं मी तुला.

ती मॅच शेवटच्या वर्षीची. आपल्याला त्या स्पर्धेत कुणी गणतीत धरलं नव्हतं. पहिल्या फेरीत समोरची टीम घाटात गाडी बंद पडून पोचलीच नाही, म्हणून आपण न खेळता जिंकलो. दुसऱ्या फेरीत ठाण्याच्या पोरी आपले कपडे बघून इतक्या हसल्या की हसता हसताच हरल्या. आणि सेमीफायनलला यजमान कॉलेज. वर्षानुवर्षं कप त्यांच्याच कपाटात. कोर्ट लाकडी, छप्पर असलेलं, दोन्हीकडे काचेचे बोर्ड. आपल्या बुटांचे तळवे त्या लाकडावर असे घसरत होते की सर बाजूला ओलं फडकं घेऊन बसले होते आणि आपण येता-जाता त्यावर पाय पुसत होतो. बघणारी पोरं "पायपुसणं, पायपुसणं" म्हणून ओरडत होती. तू म्हणालीस, ओरडू देत, पाय तर पुसलेच पाहिजेत.

माझं त्या मॅचवर काय अडकलं होतं हे टीममध्ये फक्त तुला माहीत होतं. फायनलला विद्यापीठाचे निवडणारे लोक येणार होते. विद्यापीठाच्या टीममध्ये नाव लागलं असतं तर रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता आला असता. बाबा लोखंडाच्या बाजारात हमालांवर मुकादम होते, पाठीने हैराण झालेले. मला ती नोकरी हवी होती. कशी हवी होती ते तुला सांगताना मी एसटी स्टँडवर रडले होते.

आणि आपण पुढे होतो गं. शेवटच्या मिनिटाला आपण एका पॉइंटने पुढे होतो. ती यजमान कॉलेजची पोरं गप्प झाली होती. त्यांच्या पोरीने शेवटचा शॉट मारला, तो रिंगवर आपटला आणि उडून बरोबर तुझ्या हातात आला. आता फक्त धरून उभी राहा. एवढंच करायचं होतं. मी ओरडत होते, "धर, धर." तू धरलास, उडी मारलीस, आणि वर टाकलास. आपल्याच बास्केटमध्ये. इतका सुंदर गेला तो की जाळीचा आवाजही झाला नाही. मग टेबलावरची घंटा वाजली.

मी नियमांचं पुस्तक वाचलेलं होतं. टीममध्ये मी एकटीनेच वाचलं होतं, सरांनीसुद्धा अर्धंच. चुकून आपल्याच बास्केटमध्ये गेला तर समोरच्यांना दोन पॉइंट. मुद्दाम टाकला तर नियमभंग, पण तो बास्केट धरत नाहीत. मी धावत पंचांकडे गेले. म्हटलं, "सर, हिला वाटलं मॅच संपली. आनंदाच्या भरात हिने मुद्दाम टाकला." पंच म्हातारे होते, शांत होते. त्यांनी दुसऱ्या पंचांशी काहीतरी बोलून घेतलं आणि तुझ्याकडे आले.

"बेटा, ही म्हणते ते खरं का? मुद्दाम टाकलास की चुकून?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी डोळ्यांनी, भुवयांनी, अख्ख्या अंगाने तुला सांगत होते की म्हण, एक शब्द म्हण.

"चुकून गेला, सर," तू म्हणालीस. "बॉल हातात आला आणि मी वर टाकला. आमच्याकडे एकच रिंग आहे."

पंचांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसले, तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना दोन पॉइंट दिले. अख्खा हॉल हसत होता. त्यांच्या टीमची कॅप्टन येऊन तुझा हात हातात घेऊन गेली. माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि बोललं असतं तर मी चावलेच असते.

पनवेलला उतरेपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. स्टँडवर तू दोन लिंबू सरबतं घेतलीस. मी माझं तसंच ठेवलं.

"एवढं एक वाक्य बोलायला तुझं काय जात होतं?"

"खोटं होतं ते."

"मग? कुणाचा जीव जाणार होता?"

"वैशू, त्यांनी मला विचारलं. मला विचारल्यावर मी काय करू?"

"माझा विचार करायचा होतास."

तू तुझा ग्लास संपवलास. मग म्हणालीस, "तुझाच केला. म्हणून तर माझी वाचा बसली होती आधी." आणि माझं सरबत पण पिऊन टाकलंस. मी घरी जाऊन उशीत तोंड घालून रडले आणि ठरवलं की या पोरीचं तोंड बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात हजर. म्हणालीस, तू रागावली असशील तर मला पण शिव्या द्यायच्यात तुला, पंचांसमोर मला तसं अडकवल्याबद्दल. आणि दिल्यास. माझ्या आईने दोघींना चहा दिला.

रेल्वे राहिली. बाबांच्याच ओळखीने कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागले, ती आजवर तिथेच आहे. वाईट नाही काही. पण दर ईदला तुझ्याकडे शीरखुर्मा खायला आले की दुसऱ्या वाटीच्या आत मॅचचा विषय निघायचाच. मी म्हणायचे, तुझ्यामुळे मी ट्रकच्या पावत्या फाडतेय. तू म्हणायचीस, मुद्दाम म्हणाले असते तर वेडी ठरले असते, चुकून म्हणाले तर खुळी, मला खुळी परवडली. आसिफभाई कुवेतहून आलेले असले की कपाळावर हात मारून आत निघून जायचे. एकदा त्यांनी विचारलं होतं, तुम्हा दोघींना दुसरं काही सुचत नाही का. आपण दोघी एकदमच नाही म्हणालो होतो.

तुझ्या खरेपणाने मला फार छळलं गं. मला बघायला पाहुणे आले होते आणि त्या बाईंनी पोहे छान झालेत म्हटल्यावर तू पटकन म्हणालीस, थँक्यू आंटी, मीच केलेत, हिला कांदा चिरता येत नाही. ते स्थळ गेलं. गेलं ते बरंच झालं, नंतर त्या मुलाचे रंग कळले सगळे, पण हे तुझ्यासमोर कबूल करायला मी कधी तयार नव्हते. गणिताच्या ट्यूशनला आलेल्या मुलांच्या आयांना तू तोंडावर सांगायचीस की पोरगं हुशार आहे पण तुम्ही त्याला फोन देता म्हणून बोंब आहे. आया चिडायच्या. पुढच्या वर्षी धाकट्याला पण तुझ्याकडेच आणून बसवायच्या.

आणि एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा घर भरून माणसं आली होती. सगळ्यांचं एकच, होईल गं, अजून वय आहे, देवाच्या मनात काही चांगलंच असेल. मी माना डोलवत होते. तू आलीस, शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "वाईट झालं वैशू. फार वाईट झालं." बास. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडू शकले. तुझा दुपट्टा सगळा भिजवला. ते दोन शब्द नसते तर मी त्यातून कशी बाहेर आले असते, माहीत नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं. भांडणात मुद्दा तुझ्या बाजूला जाईल म्हणून नाही सांगितलं.

म्हणून त्या दुपारी तू विचारलंस तेव्हा मला दुसरं काही जमलं नाही.

अम्मींचं एकच म्हणणं होतं, पोरीला कळता कामा नये. पोटात सूज आहे, औषधाने उतरेल, असं सगळ्यांनी घोकलं होतं. डॉक्टरांनी आसिफभाईंना बाजूला घेऊन सांगितलं ते मला जिन्यात कळलं. मी आत आले तेव्हा अम्मी खाली डबा गरम करायला गेल्या होत्या. तू एवढीशी झाली होतीस. हाताची हाडं वर आली होती, तो बॉल धरणारा हात. तू म्हणालीस, "कुवेतहून दोन वर्षांनी तोंड दाखवणारा माणूस चार महिन्यांत परत येतो. अम्मी मला ओरडत नाही. माझी नणंद माझे पाय चेपते. मी काय खुळी आहे?"

मी म्हटलं, "आहेसच."

तू हसली नाहीस. "वैशू, मी बरी होणार आहे का?"

मला वाटलं, किती सोपं आहे. हो म्हणायचं. मी तर आयुष्यभर हेच सांगत आले की असलं एक वाक्य बोलायला काही जात नाही. तोंड उघडलं आणि तुझ्या त्या डोळ्यांसमोर ते वाक्य येईना. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हतीस. मी म्हटलं, "नाही गं."

तू छताकडे बघत राहिलीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं आणि मी ते पुसत होते. मग म्हणालीस, "आज तरी खोटं बोलायचं होतंस."

ते चिडून म्हणालीस का? मस्करी होती का? मला खरंच कळलं नाही. मी विचारणार, तोवर अम्मी डबा घेऊन आल्या. आणि तू काय केलंस, तर डोळे पुसलेस, उठून बसलीस आणि म्हणालीस, "अम्मी, आज जरा बरं वाटतंय." पेज संपवलीस. वाटी संपवलीस अख्खी, आणि अम्मींचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसवेना. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आले तेव्हा तेच. अम्मी, आज बरं आहे. अम्मी, आज दुखत नाही. तुझ्या तोंडून खोटं ऐकायची मला सवयच नव्हती. मी दाराशी उभी राहून ऐकायचे आणि मला वाटायचं, हे हिच्यावर मी लादलं. मी नसते बोलले तर ही असं नाटक करत बसली नसती. आपल्या माणसांत बसून रडली तरी असती.

हेच घेऊन बसलेय मी, तू गेल्यापासून. जेवायला बसले की हेच. ऑफिसात एका पावतीवर ट्रकचा नंबर लिहायच्या जागी तुझं नाव लिहिलं.

तुझ्या जियारतीला, सगळे तुझ्यासाठी दुआ मागायला जमले त्या दिवशी, घरी आले होते. बायका आतल्या खोलीत कुराण वाचत होत्या. मी एका कोपऱ्यात, मला त्यातलं काही वाचता येत नाही म्हणून नुसती बसलेली. वाचन संपल्यावर अम्मी उठून माझ्यापाशी आल्या, माझा हात धरून मागच्या पडवीत घेऊन गेल्या. किती बारीक झाल्यात त्या. म्हणाल्या, "एक विचारते, खरं सांग. दुसऱ्या कुणाला नाय विचारत मी. ह्या सगळ्या मला बरं वाटावं म्हणून बोलतात."

मी म्हटलं, विचारा ना.

"तिला म्हाईत होतं का गो? भीत भीत तर नाय ना गेली माझी पोर?"

आणि त्याच पुढे म्हणाल्या, "शमीमच बोलली होती मला. अम्मी, कधी काय विचारायचं झालं तर वैशालीला विचार. ती एक वेळ भांडेल, पण तोंडदेखलं नाय बोलायची. दुनियेत एक तीच हाय, म्हणाली."

"कधी म्हणाली?" मी विचारलं.

"आता. दवाखान्यात. ती जायच्या दोन-तीन दिस आधी."

शमीम, म्हणजे मी सांगितल्यानंतर. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तू तुझ्या आईपाशी ठेवून गेली होतीस. मी पडवीच्या खांबाला टेकले. अम्मी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तुझेच डोळे, बाई.

"नाही अम्मी," मी म्हटलं. "तिला काहीच माहीत नव्हतं."

अम्मींनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि पदराने चेहरा पुसला. "मला वाटलंच," म्हणाल्या. "रोज मला बोलायची, अम्मी आज बरं हाय. मनात शंका यायची माझ्या. पण म्हटलं, माझी शमीम खोटं नाय बोलायची."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "नाही अम्मी. कधीच नाही."